रामनाथशेठची मशीन आणि दिपालीची हळद

वडप्याला हायवेच्या कडेनं गोदामं उभी राहिली आणि भातशेतीवाल्यांच्या घरात दर महिन्याला भाडं यायला लागलं, तेव्हा एकेकाच्या आवडीनिवडी बाहेर पडल्या. कुणी शर्यतीचे बैल घेतले. कुणी गळ्यात बोटभर जाडीची चेन घातली. कुणी ग्रामपंचायतीला उभा राहिला, पडला आणि पुन्हा उभा राहिला. यातलं काहीही केलं असतं तरी गावानं रामनाथ केण्यांना शहाण्यात जमा केलं असतं. पण त्यांनी घेतले जुने सिंथेसायझर.

जुने म्हणजे अगदीच जुने. बटण दाबलं की बासरी आणि दुसरं दाबलं की ढोलकी, असले हल्लीचे कीबोर्ड नव्हेत. त्यांना रामनाथशेठ 'डबे' म्हणत, आणि तेसुद्धा तोंड वाकडं करून. त्यांचे सिंथ चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, दोन्ही बाजूंना लाकूड आणि अंगभर गोल खुंट्या. पोटात ना कॉम्प्युटर, ना कुणाचा भरून ठेवलेला आवाज. विजेच्या प्रवाहातूनच सूर काढायचा आणि एकेक खुंटी फिरवून त्याला जाड, बारीक, गोड, खरखरीत करायचं. आज जो आवाज जमला तो उद्या त्याच खुंट्यांवर जमेलच असं नाही. रामनाथशेठ हे मोठ्या अभिमानानं सांगत, आणि ऐकणाऱ्याला यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

असे पाच सिंथ त्यांच्या मागच्या खोलीत होते. चार आजारी, एक धडधाकट. गावात सिंथ हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून त्या धडधाकटाला सगळे 'मशीन'च म्हणत. रामनाथशेठ तरुणपणी भिवंडीतल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, तिथली ती जपानी मशीन. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा मालक म्हणाला, "घेऊन जा बाबा, माझ्याच्यानं आता उचलवत नाही." चौघांनी मिळून ती रिक्षात घातली. रिक्षात जागा न उरल्यानं पाचवा मागून पळत आला.

लग्न होऊन घरात आल्यावर कमळताईंनी पहिल्याच आठवड्यात ती मशीन नीट पाहून घेतली होती.

"हिच्यातून एका टायमाला किती सूर निंगतान?"

"एक."

"येवऱ्या बटनांत येकच?"

"एकच."

त्यानंतर कमळताईंनी मशीनबद्दल दुसरा प्रश्न विचारला नाही. संसाराच्या कामाची नाही हे त्यांनी ओळखलं, आणि नवऱ्याच्या कामाची आहे हेही ओळखलं, त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही.

मशीनला दोन दुखणी होती. पहिलं म्हणजे ती तापल्याशिवाय सुरात येत नसे. चालू करून तासभर नुसतं बसायचं, तिला अंग गरम करू द्यायचं, मग हात लावायचा. जास्त तापली की सूर चढायचा, निवली की उतरायचा. दुसरं दुखणं व्होल्टेजचं. घरामागच्या शेडमध्ये अन्सारीभाईंचे यंत्रमाग होते, आणि शेड रामनाथशेठनीच भाड्यानं दिलेली. लूम सुरू झाले की दिवे मिणमिणायचे आणि मशीनचा सूर मांडी घालून खाली बसायचा. एकदा रामनाथशेठ शेडच्या दारात जाऊन म्हणाले होते, "अन्सारीभाई, थोडा धीरे चलाओ ना लूम."

"शेठ," अन्सारीभाई म्हणाले, "लूम धीरे नहीं चलता. या तो चलता है, या बंद रहता है."

बंद राहायचे ते फक्त शुक्रवारी. त्यामुळे केण्यांच्या घरचं संगीतही शुक्रवारी. त्या दिवशी पडघ्याहून मोटारसायकलवर हरेश यायचा. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, वय रामनाथशेठपेक्षा पंधरा वर्षांनी कमी, आणि वेड तेवढंच. दोघं चहाचे कप घेऊन मशीनसमोर बसत आणि ती तापायची वाट पाहत. तापली की रामनाथशेठ एक सूर धरत आणि तो धरूनच ठेवत. मग हरेश हळूच एक खुंटी केसभर फिरवी. दोघं एकमेकांकडे बघत आणि माना हलवत. स्वयंपाकघरात कमळताईंना ते बोअरचा पंप चालू राहिल्यासारखं ऐकू येई, आणि सुरुवातीला दोनदा तर त्या खरंच पंप बंद करायला गेल्या होत्या.

या दोघांसारखेच आणखी चार-पाच जण महाराष्ट्रात निघाले, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. ग्रुपवर मशीनचं झाकण काढून आतल्या वायरींचे फोटो टाकायचे आणि बाकीच्यांनी 'अहाहा' लिहायचं, एवढाच कार्यक्रम. असा एक फोटो कमळताईंच्या नजरेला पडला तेव्हा त्यांनी घाबरून विचारलं होतं, "कोनाचा ऑपरेशन झाला?"

तर असं सगळं मजेत चाललं होतं. पण रामनाथशेठच्या मनात एक गोष्ट खुपत होती. ही मशीन चारचौघांत एकदाही धड वाजली नव्हती. पुतण्याच्या, प्रितेशच्या हळदीला त्यांनी हौसेनं मांडवात नेली, तर बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत जनरेटर. जनरेटरला खोकला झाला आणि मशीन भर हळदीत हंबरायला लागली. तो व्हिडिओ अजून गावात फिरतो. कुणाची म्हैस व्यायली की त्या व्हिडिओखाली नवे शेरे पडतात.

आणि मग दिपालीचं लग्न ठरलं.

दिपाली एकुलती एक लेक. हायवेवरच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर, चाळीस माणसांना कामाला लावणारी, तिखट जिभेची पोर. साखरपुडा झाला त्याच संध्याकाळी रामनाथशेठ म्हणाले, "तुझ्या हळदीला मी मशीन वाजवणार."

"नाही पप्पा," दिपाली म्हणाली. "हळदीला डीजे सांगितलाय."

 रामनाथशेठ उठले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. आठवड्यानं घरात साड्यांचा ढीग पडला, पाहुण्यांच्या नावांवरून वाद पेटले, मांडववाला येऊन गेला, आणि कुणी काही विचारायला गेलं की दाराआडून उत्तर यायचं, "मशीन तापतेय, मंग बघतो." शुक्रवार नसतानासुद्धा. घरात कार्य आणि घरधनी खोलीत, हे काही शोभण्यासारखं नव्हतं. शेवटी दिपालीनंच एक दिवस दार ढकललं.

"ऐका पप्पा. डीजेच्या आधी तुमचं एक गाणं. एकच, पण पूर्ण. सुरात वाजलं तर मशीन इथेच राहील आणि मी आयुष्यात तिला नाव ठेवणार नाही. नाही वाजलं, तर त्याच रात्री ती हरेशकाकांकडे जाणार आणि तुम्ही या खोलीतून बाहेर येणार. कबूल?"

हरेशचा त्या मशीनवर किती वर्षं डोळा होता ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं. रामनाथशेठनी मशीनकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कबूल."

तेव्हापासून त्यांची झोप उडाली. आधी त्यांनी हळदीचा वार बदलून घेतला. व्याह्यांनी गुरुवार धरला होता, भटजींनी त्याला चांगला म्हटलं होतं. रामनाथशेठ अडून बसले, हळद शुक्रवारीच. व्याह्यांना वाटलं, केण्यांच्या घरात देवीचा काही नेम असेल, आणि त्यांनी हात जोडून मान्य केलं. नेम अन्सारीभाईंच्या लूमचा होता हे त्यांना अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

मग गाणं निवडलं. जुनं, सोपं, एका बोटानं वाजेल असं. लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीच्या पोरांना दोनदा घरी बोलवून तालीम केली. हरेश दर वेळी हजर. तो मोबाइलमध्ये सूर मोजायचं अ‍ॅप उघडून बसे आणि तोंडानं म्हणे, "मस्त, रामनाथशेठ, एकदम काट्यावर." मन मात्र त्याचं दोन दगडांवर. दोस्त हरू नये असं त्याला खरोखर वाटत होतं, आणि मशीन कुठल्या भिंतीला लावायची तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

हळदीच्या दिवशी डिसेंबरची बोचरी थंडी होती. हरेश दुपारीच आला, आणि टेम्पो घेऊन आला. टेम्पोत दोन गाद्या पसरलेल्या.

"हे काय?" रामनाथशेठनी विचारलं.

"तसं काही नाही," हरेश जरा ओशाळून म्हणाला. "आलाच प्रसंग, तर तिला धक्के नकोत म्हणून."

मशीन सकाळीच मांडवात एका कोपऱ्यात टेबलावर नेऊन ठेवली होती. रामनाथशेठ दिवसभर पाहुण्यांत अडकलेले. संध्याकाळ व्हायला आली तशी ते मशीन चालू करायला लगबगीनं गेले, आणि बघतात तर टेबलावर गोधड्यांचा डोंगर. एक गोधडी, तिच्यावर दुसरी गोधडी, तिच्यावर कमळताईंच्या सासूबाईंची लोकरीची शाल, कडा नीट खाली खोचलेल्या. त्यांनी शाल ओढली तर आतून वाफ आल्यासारखं ऊन लागलं. मशीन चालू होती.

"कमळ!"

कमळताई हळदीनं माखलेल्या हातांनी धावत आल्या. चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम उरकल्याचा आनंद.

"काय झाला? गरम हाय ना? मी सकालीच बटन दाबून ठेवलाय. येवरी थंडी, बोलली निवंल, तुमचा सूर जाल, मंग दिपाली ऐकाची न्हाय. म्हून पांगरून दिली."

 इतक्या वर्षांत या बाईनं मशीनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली होती, ती तापली पाहिजे. आणि आज तिनं ती नवऱ्याच्या बाजूनं वापरली होती. 

"बरा केलास," ते म्हणाले.

"मंग!" म्हणत कमळताई परत पाटाकडे गेल्या.

रामनाथशेठनी एक पट्टी दाबली. सूर निघाला तो कुठल्या कुठे, आणि निघाल्या निघाल्या थंड हवेत खाली घसरायला लागला. हरेशनं अ‍ॅप पुढे केलं. त्याचा काटा एका जागी थांबेना. बेंजोची पोरं बिचारी आपल्या वाद्यांवर सूर जुळवायला गेली, तर तोवर मशीन आणखी खाली. "शेठ, आमचे बाजे फिक्स असतात," त्यांच्यातला मोठा म्हणाला, "हिच्या मागं कसं पळायचं?" तिला पुन्हा ठिकाणावर यायला दोन तास तरी लागले असते. इकडे डीजेवाल्यानं स्पीकर लावून ठेवले होते, पाटावर दिपाली बसली होती, आणि ती बापाकडेच बघत होती.  मशीन गेली, हे त्यांच्या मनानं घेतलं.

तेवढ्यात गुणाबाईनं धवला सुरू केला.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. गुणाबाई ही वडप्याची धवलारीण, पंचाहत्तरी उलटलेली, अंगानं काडी आणि आवाजानं खणखणीत. ती कुणाची वाट बघत नसे. हळद कालवून झाली की देवांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, गावदेवी, कुळदेव, शेताचा देव, विहिरीची देवी, एकेकाला बसायला पाट द्यायचा, मग नवरीचं गुणगान. हे सगळं गाण्यात, आणि साथीला काही नाही. साथ करणार कोण? गुणाबाई जिथे सुरू करी तिथे संपवत नसे. देव वाढत जात तसा तिचा सूर हळूहळू उतरत जाई, शेवटच्या देवापर्यंत पार तळाला. पन्नास वर्षांत हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. पूर्वी मागे झेल धरायला, म्हणजे तीच ओळ मागून म्हणायला, दुसरी धवलारीण असायची, काशीबाई. तीही तिच्याबरोबर बिनबोभाट उतरायची. काशीबाई गेल्यापासून गुणाबाई एकटीच गायची.

रामनाथशेठनी उगाच, हरल्या हातानं, एक पट्टी बारीक आवाजात दाबून पाहिली. तर मशीनचा सूर गुणाबाईच्या सुराला जाऊन मिळाला. योगायोग असेल म्हणून त्यांनी बोट उचललं. दोन देव झाल्यावर पुन्हा दाबलं. गुणाबाई जरा उतरली होती. मशीनही तेवढीच उतरली होती.

रामनाथशेठ ताठ बसले. डाव्या हातानं त्यांनी सुराची खुंटी धरली आणि उजव्या हातानं गुणाबाईच्या मागे जायला लागले. ती ओळ टाकायची, ते तीच ओळ जाड, घुमणाऱ्या आवाजात झेलायचे. मशीन जास्त निवली तर खुंटी केसभर वर, गुणाबाई जास्त उतरली तर केसभर खाली. गुणाबाईनं पहिल्यांदा चमकून मान वळवली, मग वळवलीच नाही. ती मोठ्यानं गायला लागली. कधी न येणारे देवसुद्धा तिनं त्या दिवशी बोलवले. डीजेवाला मोबाइल बाजूला ठेवून ऐकत राहिला, आणि त्या बोअरच्या पंपाच्या आवाजानं दिपालीच्या अंगावर काटा आला.

धवला संपला.  मग हरेश उठला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी तो म्हणाला, "रामनाथशेठ, जीव घेतलात तुम्ही. पण हेच तुमचं एक गाणं धरलं, तरी शब्द तो शब्द. सुरू झालं काळी दोनच्या पट्टीत, आणि संपलं ते पांढरी एकच्याही खाली. अ‍ॅप खोटं नाही बोलत. सूर सुटला."

"बरोबर हाय," रामनाथशेठ म्हणाले. त्यांना अ‍ॅपची गरज नव्हती. त्यांनी मशीनची वायर काढली.

"कोनाचा सूर सुटला रं?" गुणाबाईनं विचारलं.

"मशीनचा, आजी."

"ती माज्या मांगंच येत व्हती ना? पयल्या देवापून शेवटच्या देवापावत?"

"हो, पण..."

"ती बेसूर झाली, तं मंग मी कोन?"

 हरेशनं गुणाबाईकडे पाहिलं, मग मांडवभर बसलेल्या तिच्या माणसांकडे पाहिलं, आणि मोबाइल खिशात घातला.

"आजी," तो म्हणाला, "अ‍ॅप जुनं झालंय. अपडेट करायला पाहिजे."

सगळे हसले. कमळताई तर तोंडाला पदर लावून हसल्या. पण रामनाथशेठ हसले नाहीत. सुराच्या बाबतीत त्यांना फसवाफसवी चालत नसे, आपल्या फायद्याची असली तरी. "न्हाय, गुणाबाय," ते म्हणाले, "तुमचा गाना तुमचा. मी शब्द दिपालीला दिलाय." आणि त्यांनी मशीनच्या एका कडेला हात घालून हरेशला खूण केली, दुसरी बाजू उचल.

"पप्पा, खाली ठेवा ती."

दिपाली पाटावरून बोलली. तोंड, हात, कपाळ, सगळं पिवळं.

"तूच बोललीस ना..."

"बोलले. महिना झाला, तुम्ही त्या खोलीत आणि मी बाहेर. मला वाटलं, मशीन गेली तर निदान माझ्याजवळ येऊन बसाल."  गोदामातल्या चाळीस माणसांनी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "उद्या या घरातून एकीनं जायचं ठरलंय ना? तेवढं पुरे. हिला कशाला काढताय?"

रामनाथशेठनी मशीन खाली ठेवली. हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणूनच ते महिनाभर खोलीत बसले होते. पुष्कळदा तर मशीन बंदच असायची, आणि ते नुसते तिच्यासमोर बसून बाहेरचं दिपालीचं बोलणं ऐकत. ती गेल्यावर या घरात कसं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं, आणि आताही कळलं नव्हतं. ते पाटाजवळ गेले आणि नवा कोरा पांढरा शर्ट घालून तसेच खाली, लेकीला टेकून बसले.

"चालू करू का, शेठ?" डीजेवाल्यानं तिकडून ओरडून विचारलं.

रामनाथशेठनी हातानंच कर म्हणून सांगितलं. स्पीकर दणाणले, मांडवाचे खांब हलायला लागले, प्रितेश आणि त्याचे मित्र नाचायला उतरले. एवढ्या आवाजात रामनाथशेठ एरवी दोन मिनिटं थांबले नसते. दिपालीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, शर्ट पिवळा झाला, आणि ते तिथेच बसून राहिले.